पहिली-दुसरीचा एकत्र वर्ग, पत्र्यावरचा पाऊस आणि मुलांचं लक्ष

सुरंगी

नमस्कार मंडळी. मी रत्नागिरी जिल्ह्यात खाडीकाठच्या वाडीवर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शाळा द्विशिक्षकी. तिसरी-चौथी गुरुजींकडे, पहिली-दुसरी एकत्र माझ्याकडे. पट लहान, म्हणून शहरातल्या मैत्रिणी म्हणतात, ‘तुझी काय मजा!’ मजा अशी की पहिलीला ‘म’ गिरवायला दिला की दुसरीची गणितं घ्यायची, दुसरीला गणितं दिली की पहिलीकडे वळायचं, आणि आपली पाठ जिकडे तिकडे बाजार.

त्यात पावसाळा. वर्गावर पत्रे आहेत. मोठी सर आली की माझाच आवाज मला ऐकू येत नाही. ओरडून घसा बसतो आणि मुलं खिडकीशी जातात ती जातातच. दुपारी खिचडी झाली की अर्धी पेंगतात, उरलेली एकमेकांच्या दप्तरात.

दुसरीत एक मुलगा आहे. हुशार आहे, तोंडी विचारलं की पटकन सांगतो. पण फळ्यावरचं उतरवायला दिलं की दोन शब्द लिहितो आणि बाहेर बघत बसतो. हाक मारली की दचकतो. आजीला बोलावलं तर ती म्हणाली, ‘बाई, दोन ठेवून द्या, आपोआप बसंल.’ ते मी करणार नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे हे तर आहेच, पण मार खाल्लेलं मूल फळ्याकडे बघत नाही, बाईंच्या हाताकडे बघतं.

तर प्रश्न सरळ आहे. सहा-सात वर्षांच्या मुलांचं लक्ष टिकावं म्हणून तुम्ही वर्गात प्रत्यक्ष काय करता? ‘अध्यापन रंजक करा’ हे प्रशिक्षणात ऐकून झालंय, ते कृपया नको. :)

कातळवाट

सुरंगीबाई, मी निवृत्त शिक्षक. नोकरी लांजा-राजापूर पट्ट्यात, बरीचशी एकशिक्षकी शाळांत. चारही इयत्ता एका खोलीत, त्यामुळे तुमचा बाजार मला चांगला ओळखीचा.

आधी पावसाचं. पत्रा वाजायला लागला की आमच्याकडे ‘मुका तास’ असायचा. मी तोंड उघडायचं नाही, मुलांनीही नाही. फळ्यावर होडी काढायची, होडीत पाच माणसं. मग त्यातली दोन डस्टरने पुसायची. मुलं पाटीवर ५ – २ = ३ लिहून पाटी डोक्यावर धरायची. बरोबर असेल तर मी मान डोलवायचो, चुकलं असेल तर एक भुवई वर. त्या भुवईसाठी काही कार्टी मुद्दाम चुकीचं लिहायची. तेवढ्यात पहिलीवाल्यांकडे हिराच्या काड्या. झावळ्यांचे हीर सोलून बोटभर लांबीचे तुकडे केलेले. दहा मोजायच्या, सुतळीने गठ्ठा बांधायचा, सुट्या बाजूला ठेवायच्या. गाठ मारणं हे सहा वर्षांच्या मुलाला चांगलंच अवघड काम आहे. जीभ बाहेर काढून करतात. दशक-एकक शिकवायला एवढं पुरतं, आणि बोलावं लागत नाही.

दुसरं, सूचना. ‘वही काढा, तारीख टाका, पान १२ उघडा आणि पहिली दोन गणितं सोडवा.’ आपल्याला हे एक वाक्य वाटतं, मुलाला ती चार कामं असतात. त्यातलं एखादं डोक्यात राहतं, बाकीचं शेजाऱ्याच्या वहीत बघून शोधायचं. मग आपण म्हणणार, इकडेतिकडे बघतो. एका वेळी एकच सांगा. ते झालेलं डोळ्यांनी बघा, मग पुढचं. आणि सांगून झाल्यावर वर्गाला ‘समजलं का?’ विचारू नका. सगळी ‘होऽऽ’ म्हणतात. एखाद्याला उठवून विचारा, ‘आता काय करायचंय रे?’

तुमच्या त्या मुलाला बाहेर काय दिसतं ते एकदा त्याच्या जागेवर बसून बघा. खरंच बसा, त्याच्या बस्करावर.

चाकरमानी_गिरगाव

मी शिक्षक नाही, पालक आहे. गाव गुहागर तालुक्यात. माझ्या मुलीच्या शाळेत रोज सकाळी आनापान घेतात, श्वासाकडे लक्ष देणे. दहा मिनिटं. शिक्षक सांगतात फरक पडतो. गावच्या शाळेत का नाही करत? खर्च काहीच नाही. बाकी मोबाईल बंद केला की निम्मं काम होतं असं माझं मत.

अबोली

चाकरमानीभाऊ, आमच्याकडेही करून घेतात. चौथीची मुलं बसतात छान. पहिलीचं सांगते: दोन मिनिटं शांत, तिसऱ्या मिनिटाला एक डोळा उघडतो, तो बघतो की दुसऱ्यानेही उघडलाय, संपलं. वाईट काही नाही, पण सकाळी श्वास बघितला म्हणून दुपारी अडीचला वजाबाकीत लक्ष राहील असं होत नाही. (मी सिंधुदुर्गात, कणकवली बाजूला. पहिलीच घेते गेली कित्येक वर्षं.)

सुरंगी, मी दोन गोष्टी करते. भाषा आणि गणित दोन्ही मधल्या सुट्टीच्या आधी उरकते. खिचडीनंतर कागदकाम, गाणी, गोष्ट, परसबागेत पाणी. वेळापत्रकात वेगळं दिसलं तरी मुख्याध्यापकांशी बोलून ठेवलंय. आणि पावसात मुलं ओली येतात त्याचं बघ. डोक्यावर छत्री असली तरी साकवावरून, मळ्यातून येताना चड्डी मांडीपर्यंत भिजलेली असते. ओल्या चड्डीत गार फरशीवर बसलेल्या पोराला ‘लक्ष दे’ म्हणणं म्हणजे... मी वर्गात एक दोरी बांधली आहे आणि जुने पंचे ठेवलेत. आल्यावर पाय पुसायचे, केस पुसायचे, ज्याचं जास्तच भिजलंय त्याला कपाटातली सुकी चड्डी. या कपाटातल्या चड्ड्या हा शाळेचा सगळ्यात उपयोगी शैक्षणिक साहित्यसंच आहे, तपासणीला कोणी विचारत नाही हा भाग वेगळा.

पारिजातक

मी बालरोगतज्ज्ञ, चिपळूण भागात. ‘लक्ष देत नाही’ म्हणून शाळेतून पाठवलेली मुलं पावसाळ्यात हमखास येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली शंका कानाची घ्या. सर्दी होऊन गेल्यावर पडद्यामागे पाणी साठतं, दुखत नाही, कान वाहतही नाही, फक्त ऐकू कमी येतं. आठवडेच्या आठवडे. असं मूल समोरून बोललं की नीट उत्तर देतं, पाठीमागून हाक मारली की गप्प. वर्गात करण्यासारखी साधी पारख: मुलाच्या मागे हातभर अंतरावर उभ्या राहा, त्याचा एक कान त्याच्याच बोटाने बंद करा आणि कुजबुजत्या आवाजात शब्द सांगा, ‘माड... सात... होडी’. त्याने तसेच म्हणायचे. मग दुसरा कान. पत्रा वाजत नसताना करा, नाहीतर सगळा वर्ग बहिरा निघेल. शब्द चुकत असतील तर कान तपासून घ्या. हे निदान नाही, चाळणी आहे.

मग डोळे. तुम्ही लिहिलंय, तोंडी पटकन सांगतो आणि फळ्यावरचं उतरवत नाही. मला हे वाक्य महत्त्वाचं वाटलं. पुस्तकातून उतरवायला द्या आणि फळ्यावरून उतरवायला द्या, दोन्ही वह्या शेजारी ठेवा. पुस्तकातून नीट जमत असेल तर लांबचं दिसतंय का ते आधी बघा.

तिसरी गोष्ट क्वचित आढळते, पण शिक्षकांना माहीत असावी. काही मुलं बोलता-लिहिताना मध्येच थांबतात, नजर स्थिर, पापण्या किंचित फडफडतात, पाच-दहा सेकंदांत पुन्हा काम सुरू. मधलं काहीच आठवत नाही. दिवसातून कितीतरी वेळा. हा फिटचा एक प्रकार आहे, साधारण चार ते दहा वर्षांत सुरू होतो आणि औषधाने बहुतेकांचा आटोक्यात येतो. नुसतं तंद्रीत असलेलं मूल हाक मारली, खांद्याला हात लावला की लगेच परत येतं. या झटक्यात ते येत नाही. तुमचा मुलगा हाकेला दचकतो म्हणताय, म्हणजे तो ऐकतोय आणि परत येतोय. तरी दोन-चार वेळा खांद्याला हात लावून बघा.

रक्त कमी असणं आणि जंत ही आपल्याकडची नेहमीची कारणं. १० फेब्रुवारीच्या जंतनाशक दिनाला जी मुलं गैरहजर होती त्यांची यादी काढा, कारण सुटतात ती नेहमी तीच तीच. लोहाची आठवड्याची गुलाबी गोळी खिचडीनंतरच द्या. उपाशीपोटी दिली की मळमळतं आणि पुढच्या आठवड्यापासून ती गोळी खिडकीबाहेर जाते. आरोग्य पथक शाळेत येतं तेव्हा सगळ्यांना रांगेत उभं करण्याआधी तुम्हाला शंका असलेली तीन-चार नावं त्यांच्या हातात द्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला तो आपल्याच किनाऱ्यावर, पालघरमध्ये. योजना चांगली आहे, पण पथकाला एका दिवसात भरपूर मुलं बघायची असतात, रोज मुलाला बघणारी बाई ती तुम्हीच.

आणि झोप. या वयाला नऊ ते बारा तास लागते.

चाकरमानी_गिरगाव

डॉक्टर, हल्ली सगळ्यांना एडीएचडी (लक्ष न टिकण्याचा, अतिचंचलपणाचा विकार) असतो म्हणतात. तो कसा ओळखायचा?

पारिजातक

वर्गात ओळखायचा नाही. लक्षणं सहा महिन्यांहून अधिक काळ टिकलेली हवीत, बारा वर्षांच्या आत सुरू झालेली हवीत आणि शाळा, घर अशा किमान दोन ठिकाणी दिसायला हवीत. फक्त गणिताच्या तासाला चुळबुळ करणाऱ्या मुलाला एडीएचडी नसतो, त्याला गणित येत नसतं. शिक्षकाने नोंद ठेवावी: कधी, कुठल्या कामात, किती वेळ. तो कागद माझ्यासाठी फार मोलाचा असतो. नाव मी देईन.

गजालीवाला

डॉक्टरांका नमस्कार. माझी आजी म्हणायची, ‘पोराक भूक लागली असात तर तेचा लक्ष टोपात असतला, पुस्तकात नाय.’ ह्यावर काय तो जीआर काढा.

आता शहाण्या मराठीत लिहितो. मी मालवण तालुक्यातला. पहिलीत होतो तेव्हा बाई ‘विहीर’ म्हणायच्या आणि मी ही विहीर म्हणजे काय याचा विचार करत बसायचो. आमच्या परड्यात बाव होती. चित्र बघून कळलं की ही बावच आहे, तोवर बाई ‘शेत’ वर गेलेल्या. बाहेरून बघणाऱ्याला वाटणार, झिलाचं लक्ष नाही.

अबोली

गजालीवाला, अगदी! मी पहिले दोन-तीन महिने गोष्ट आधी मालवणीत सांगते, मग तीच पुस्तकातून वाचते. पोरं पुस्तकातल्या वाक्याची वाट बघत बसतात, कारण पुढे काय होणार ते त्यांना माहीत असतं. कुठे अडलं तर म्हणतात, ‘बाई, ता मगाचचा खय गेला?’ साहेब आले की मात्र प्रमाण मराठी. :)

निळा_शिंपला

मी शिक्षणक्षेत्रात काम करते, मूळची देवगडची. एका मुद्द्याकडे कोणी वळलं नाही, तो म्हणजे भिंती. आपल्याकडे ‘बोलक्या भिंती’ची हौस फार. बाराखडी, पाढे, फळं, फुलं, वाहतुकीचे नियम, नकाशा, थोर नेते, वर पताका, छताला टांगलेले कागदी मासे. अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. बालवर्गातल्या २४ मुलांना काही धडे सजवलेल्या खोलीत दिले, काही उघड्या भिंतींच्या खोलीत. सजवलेल्या खोलीत मुलांचं लक्ष जास्त वेळ भरकटलं आणि धड्यानंतरच्या चाचणीत बरोबर उत्तरं सरासरी ४२ टक्के, उघड्या खोलीत ५५. निदान फळ्याची भिंत तरी मोकळी ठेवा.

कातळवाट

ताई, २४ मुलं आणि मोजके धडे. त्यावरून आमच्या भिंती पुसायच्या? त्या मुलांच्या घरी पुस्तकांचं कपाट असणार. माझ्या शाळेतल्या मुलांच्या घरी छापलेली अक्षरं म्हणजे कालनिर्णय आणि खताची गोण. त्यांनी बाराखडी भिंतीवरच वाचली. मधल्या सुट्टीत पाऊस असला की भिंतीशी उभी राहून बोट फिरवत वाचायची. शिवाय त्या भिंती लोकवर्गणीतून रंगवल्या होत्या. पुसल्या असत्या तर पुढची वर्गणी विसरा.

निळा_शिंपला

गुरुजी, पुसा असं मी म्हणतच नाही. फळ्याच्या दोन्ही बाजूंना, जिथे मुलाची नजर तासभर असते, तिथे टांगलेले हलणारे मासे नकोत एवढंच. बाराखडी मागच्या भिंतीवर गेली तर मधल्या सुट्टीत वाचायला तिथेही मिळेल.

कातळवाट

मागच्या भिंतीला हरकत नाही. मासे माझ्याकडे नव्हतेच.

चिकूवाडी

डहाणूकडून नमस्कार. आमचा भाग म्हणजे कोकणचं वरचं टोक, धाग्यात कोणी आठवण काढत नाही म्हणून मीच येतो.

ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं, अनुताई वाघ शेवटपर्यंत तिथेच राहिल्या. वारली मुलं शाळेत का येत नाहीत? कारण गुरं राखायची असतात, लहान भावंडं सांभाळायची असतात. मग त्यांनी पाड्यावरच्या अंगणात अंगणवाडी भरवली आणि गुरं चरतात तिथे कुरणशाळा. दगड, पानं, बिया हेच साहित्य. मुलाचं लक्ष जिथे आहे तिथे शाळा उचलून न्यायची, हा विचार इथे होऊन गेलाय. पण ते करायला ताराबाईंसारखी माणसं लागतात आणि माथ्यावर कमी रकाने भरायचे असावे लागतात. आज ऑनलाइन माहिती भरता भरता बाईंचंच लक्ष वर्गात राहत नाही, त्यावर कोणी धागा काढेल का?

गजालीवाला

+१ रकान्यांना.

वेलदोडा

पहिल्यांदाच लिहिते. मी आई आहे, मुलगा दुसरीत. मिस्टर बोटीवर असतात. नारळी पौर्णिमेनंतर ते समुद्रात गेले की मुलगा आठ-दहा दिवस असाच असतो, अभ्यासात नसतो, वाऱ्याचा आवाज आला की विचारतो. मी बाईंना सांगून ठेवलंय. त्या सकाळी परिपाठात त्याला पंचांग वाचायला देतात, त्यातली तिथी बघून तो भरती-ओहोटीचा हिशोब मांडतो आणि वर्गाला सांगतो. बाबांनी शिकवलंय. तेवढं केलं की दिवस बरा जातो म्हणतात. मोबाईलचं मात्र खरं आहे, रात्री जेवताना दिला की झोपायला अकरा वाजतात, मग सकाळी डोळे उघडत नाहीत. मी जेवताना द्यायचा बंद केला, पहिला आठवडा फार रडारड झाली. घरात लहान मूल असलेल्यांनी तयारी ठेवा.

कातळवाट

वेलदोडाताई, छान लिहिलंत. तुमच्या बाईंना माझा नमस्कार सांगा.

झोपेवरून आठवलं. शिमग्यात पालखी वाडीवर असते, रात्री नमन (सोंगांचा खेळ) असतं, मुलं पहाटेपर्यंत जागी. त्या आठवड्यात शाळेत चाचणी ठेवणाऱ्यांना मी कधी समजू शकलो नाही. आम्ही सरळ नमनातली सोंगं वर्गात काढायचो आणि त्यावर वाक्यं लिहायचो.

सुरंगी

सगळ्यांचे मनापासून आभार. जरा उशिरा येतेय, मधे भातलावणीमुळे निम्मा वर्ग गैरहजर होता आणि नेटही.

कातळवाट गुरुजी, बसले त्याच्या बस्करावर. दोन गोष्टी दिसल्या. एक, तिथून फळ्याचा उजवा अर्धा भाग नुसता चमकतो. आमचा फळा ऑइलपेंटने रंगवलेला आहे आणि खिडकीचा उजेड थेट त्यावर पडतो. माझ्या टेबलापासून हे कधीच दिसत नाही. दुसरं, खिडकीतून तरीचा, म्हणजे खाडीपलीकडे नेणाऱ्या होडीचा, धक्का दिसतो. त्याची आई पलीकडे मासळी घेऊन जाते आणि तरीने परत येते. किती वाजता कुठली होडी सुटली, भरती असली तर ती कुठून वळते, सगळं त्याला पाठ. मी विचारलं तर मान न वळवता म्हणाला, ‘आता येईल ती आयची नाय, पुढची.’

डॉक्टरांनी सांगितलेलं कुजबुजणं केलं, दोन्ही कान ठीक. वर्गातल्या दुसऱ्याच एका मुलीचे शब्द मात्र सारखे चुकले. ती इतकी गुणी आणि शांत की तिच्याबद्दल शंकाच आली नव्हती. तिच्या आईला ग्रामीण रुग्णालयात जायला सांगितलंय. मुलाच्या दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या: पुस्तकातून उतरवलेलं पान स्वच्छ, फळ्यावरचं अर्धवट. ते चमकण्यामुळे की डोळ्यांमुळे हे नेत्र तपासणी झाल्यावर कळेल, तोवर पहिल्या रांगेत डावीकडे बसवलाय. खिडकी अजून दिसतेच तिथून. ती मी बंद करणार नाही.

मुका तास हिट आहे. पहिलीची मुलं आता पाऊस आला की स्वतःच ओठावर बोट ठेवतात. दुसरीची मुद्दाम चुकतात, गुरुजी, भुवईसाठी. :)

अबोली

त्या मुलीचं काय झालं ते नक्की कळव गं. गुणी मुलींचं असंच होतं, त्रास देत नाहीत म्हणून मागे राहतात. आणि फळ्याला चमक नसलेला काळा रंग मिळतो, हार्डवेअरवाल्याला ‘फळ्याचा रंग’ म्हणून सांग, तो ओळखतो.

निळा_शिंपला

त्या तरीवरून घड्याळाचा धडा काढा की! कुठली होडी किती वाजता, किती मिनिटांनी पुढची.

सुरंगी

काढला असता, पण त्याला नको आहे ते वाटलं. एकदा वर्गात विचारलं तर लाजून गप्प बसला. ती त्याची खासगी गोष्ट आहे. सगळ्याचाच धडा करायला नको.

एक शेवटचं विचारते. पत्र्याचा आवाज कमी करायला कोणी काही केलंय का? छत घालायला निधी नाही.

कातळवाट

बांबूच्या तट्ट्या. पत्र्याखाली वाश्यांना बांधायच्या, मध्ये वीतभर पोकळी ठेवायची. मुसळधार पावसात फार फरक पडत नाही, मध्यम सरीला पडतो. मे महिन्यातला उकाडाही कमी होतो. वाळवी लागते, दर दोन-तीन वर्षांनी बदलाव्या लागतात. थर्माकोल कोणी सुचवेल, तो लावू नका, आग धरतो आणि उंदीर पोखरतात.

बांधायच्या तर गणपतीत बांधा. तेव्हा चाकरमानी गावात असतात, हात मिळतात आणि वर्गणीही.

चाकरमानी_गिरगाव

आलो की लगेच. चतुर्थीच्या आदल्या दिवशी पोचतोय, गौरी गेल्या की दोन दिवस मोकळा आहे. आमची वाडी तुमच्यापासून फार लांब नसावी, निरोप करतो. वर्ग किती फूट बाय किती आहे ते मोजून ठेवा, बुरुडाकडे आधी सांगावं लागेल.